घोंगडं भिजत ठेवायचे पैसे

मागच्या अंकात हवामानबदलाबद्दल शंका पेरायला तेल-कोळसा कंपन्यांनी ओतलेल्या पैशावर मी दीड पान लिहिलं. त्यावर आलेली पत्रं त्या दीड पानाच्या कितीतरी पट भरली. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. जी पत्रं वाचून माझं लिहिणं मलाच पुन्हा तपासावंसं वाटलं, ती घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी एक खुलासा: मी हवामानशास्त्रज्ञ नाही. सव्वीस वर्षं जाहिरातसंस्थांमध्ये कॉपी लिहिली, म्हणजे दुसऱ्याच्या पैशानं दुसऱ्याचं म्हणणं गोड करून सांगितलं. विज्ञान मी वाचून शिकले. शंका कशी विकतात ते मात्र हातानं करून माहीत आहे.

प्रश्न : ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ हे मान्य. पण मग हा न्याय सगळ्यांना लावा. अनुदानावर संशोधन करणारेही कुणाची तरी पोळी खातात. पवनचक्कीवाल्यांचाही पैसा असतोच. एकट्या तेल-कोळसावाल्यांनाच का धरता? (एक निवृत्त गणितशिक्षक)

उत्तर : सर, लावू या सगळ्यांना. सुरुवात तुमच्याच बाजूच्या पुराव्यानं करते. १९९७ साली उत्सर्जन कमी करण्याचा क्योटो करार झाला तेव्हा एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी त्याच्या बाजूनं उभी होती. पृथ्वीची काळजी वगैरे काही नव्हतं. नैसर्गिक वायू विकणं आणि उत्सर्जनाच्या परवान्यांचा व्यापार, हे दोन्ही धंदे करारामुळे वाढणार होते. क्योटोहून त्यांच्या माणसानं पाठवलेल्या टिपणात ‘हा करार एन्रॉनच्या शेअरला चांगला’ असं सरळ लिहिलंय. दुसरं उदाहरण सिएरा क्लबचं. अमेरिकेतली जुनी, वजनदार पर्यावरण संघटना. २००७ ते २०१० या काळात तिनं अडीच कोटी डॉलरहून जास्त देणग्या घेतल्या, त्यातल्या बहुतेक चेसापीक एनर्जी या गॅस कंपनीच्या गोटातून. आणि त्याच काळात ती कोळशाविरुद्ध मोहीम चालवत होती. कोळसा बंद पडला की गिऱ्हाईक गॅसकडे, हे सांगायला गणिताचे सर नकोत. हे बाहेर यायला २०१२ साल उजाडलं.

तर पोळी सगळेच खातात. मी टाळीकडे बघते. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांचा तापमानाच्या जुन्या नोंदींवर भरवसा नव्हता. त्यांनी सगळ्या नोंदी नव्यानं तपासायला घेतल्या. देणगीदारांत चार्ल्स कोक यांचं प्रतिष्ठान होतं, दीड लाख डॉलरसह. कोक म्हणजे तेलशुद्धीकरणातलं बडं घराणं, आणि हवामान-संशयवाद्यांचा जुना आश्रयदाता. २०१२ साली म्युलरनी जाहीर केलं की तापमान वाढलंय आणि ते जवळजवळ सगळं माणसामुळे. पोळी खाल्ली, टाळी वाजलीच नाही. शिवाय पोळी कुणाची हे आधीपासून सगळ्यांना दिसत होतं.

आता विली सून. हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातले संशोधक, तापमानवाढीचा दोष सूर्याकडे नेणारे. २०१५ मध्ये माहितीच्या कायद्याखाली मिळालेले कागद बाहेर आले. त्यांच्या कामाला दशकभरात बारा लाख डॉलरहून जास्त पैसा तेल-कोळशाशी हितसंबंध असलेल्यांकडून आला होता, आणि बऱ्याच शोधनिबंधांत त्याचा उल्लेख नव्हता. देणगीदारांना पाठवलेल्या अहवालांत त्यांनी स्वतःच्या निबंधांना ‘डिलिव्हरेबल’ म्हटलं होतं. हा शब्द माझ्या ओळखीचा आहे. आमच्याकडे डिलिव्हरेबल म्हणजे गुरुवारी संध्याकाळपर्यंत क्लायंटच्या टेबलावर ठेवायचे तीन पर्याय, आणि त्यातला कुठला निवडला जाणार हे सोमवारीच ठाऊक असायचं. सून यांचं म्हणणं असं की पैशानं माझं संशोधन बदललं नाही. असेलही. पण ते ठरवायची सोय वाचकाला ठेवली नव्हती.

राहता राहिलं सरकारी अनुदान. अनुदान देणाऱ्या सरकारांत तेल विकणारी सरकारं आहेत, कोळशावर जगणारी आहेत, एकमेकांशी हाडवैर असलेलीही आहेत. इतक्या वेगवेगळ्या पोळ्या खाऊन सगळ्यांनी एकच टाळी वाजवली, तर मी त्या टाळीवर विश्वास ठेवते.

प्रश्न : कंपन्यांना हे सगळं आधीच माहीत होतं असं म्हणतात. ते खरं आहे, की आता मागे वळून बघताना तसं वाटतं? (अकरावीतली विद्यार्थिनी)

उत्तर : तुझा संशय रास्त आहे. ‘त्यांना माहीत होतं’ हे वाक्य इतक्यांदा फेकलं जातं की त्याचीच जाहिरात झालीय. म्हणून तुला तारखा देते, तूच ठरव.

जुलै १९७७. एक्सॉन या अमेरिकी तेलकंपनीचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक कंपनीच्या वरिष्ठ व्यवस्थापनासमोर सांगतात की माणूस हवामान बदलतो आहे, आणि त्याची सर्वांत संभाव्य वाट म्हणजे कोळसा-तेल जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड. पुढच्या वर्षीच्या लेखी टिपणात ते लिहितात की ऊर्जेबाबत कठीण निर्णय घ्यायला पाच ते दहा वर्षांचा अवधी आहे. १९७९ मध्ये कंपनीनं एस्सो अटलांटिक या आपल्या महाकाय तेलवाहू जहाजावर कार्बन डायऑक्साइड मोजायची यंत्रं बसवली. मला या जहाजाचं फार अप्रूप आहे. पोटात लाखो पिंपं तेल भरायचं, आणि वर समुद्राच्या पाण्याचे नि हवेचे नमुने घेत, ते तेल जाळल्यावर निघणारा वायू समुद्र किती शोषतो हे मोजत जायचं! पैसा कंपनीचा, जहाज कंपनीचं, माणसं कंपनीची.

१९८२ च्या नोव्हेंबरात कंपनीच्या आतल्या मंडळींसाठी एक पुस्तिकावजा अहवाल तयार झाला. बाहेर वाटू नये अशी सूचना त्यावर होती. त्यात एक आलेख आहे: कुठल्या साली हवेत किती कार्बन डायऑक्साइड, आणि तापमान किती चढलेलं. २०२० च्या आसपासचे प्रत्यक्ष आकडे त्या रेषेच्या अगदी जवळ आले. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तीन संशोधकांनी एक्सॉनच्या शास्त्रज्ञांची जुनी भाकितं एकत्र करून तपासली. निकषानुसार ६३ ते ८३ टक्के भाकितं बरोबर निघाली. सरासरी भाकीत होतं दर दशकाला सुमारे ०.२ अंश सेल्सिअस वाढीचं. म्हणजे विद्यापीठातल्या लोकांच्या बरोबरीनं.

आणि आता ऑक्टोबर १९९७, बीजिंग, जागतिक पेट्रोलियम परिषद. एक्सॉनचे प्रमुख ली रेमंड भाषणात सांगतात की पृथ्वी वीस वर्षांपूर्वी होती त्यापेक्षा आज थंड आहे. वीस वर्षं मागे मोज. १९७७. ज्या वर्षी ब्लॅक बोलले, तेच. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते हेच.

एकटी एक्सॉनच होती असं नाही. १९८९ मध्ये तेल, कोळसा, मोटार अशा उद्योगांनी मिळून ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन नावाची आघाडी काढली. १९९५ मध्ये तिच्याच तांत्रिक समितीच्या मसुद्यात लिहिलं होतं की हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया पक्का आहे आणि तो नाकारता येत नाही. संशयवाद्यांचे युक्तिवाद पटण्याजोगे नाहीत असंही त्यात होतं, तो भाग पुढे गाळला. बाहेर मात्र आघाडी तेच युक्तिवाद वाटत राहिली.

एक गोष्ट कंपनीच्या बाजूची. न्यूयॉर्क राज्यानं एक्सॉनमोबिलवर (एक्सॉनचंच, मोबिलशी एकत्र झाल्यावरचं नाव) गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याचा खटला भरला होता, तो डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीनं जिंकला. पण तो हिशोब मांडण्याच्या पद्धतीबद्दल होता, आणि हवामानबदलातल्या वाट्याच्या जबाबदारीतून मी कंपनीला मोकळं करत नाहीये, असं न्यायाधीशांनी निकालातच लिहून ठेवलं. तू वाद घालायला उभी राहिलीस तर समोरचा हा निकाल काढणार, म्हणून सांगितलं.

प्रश्न : मी नुकतीच एका एजन्सीत रुजू झालेय. जाहिरातीनं लोकांची मतं खरंच इतकी सहज बदलतात? आम्हाला तर साबण विकताना घाम फुटतो. (एक ज्युनिअर कॉपीरायटर)

उत्तर : बाई गं, मत बदलायचंच नव्हतं. साबण विकताना गिऱ्हाइकानं आज, आत्ता खिशात हात घालावा म्हणून आपण झटतो. इथे गिऱ्हाइकानं काहीच करू नये, एवढंच हवं होतं. घोंगडं भिजत पडलं की काम झालं. त्याला फार पाणी लागत नाही.

१९९१ ची एक मोहीम तुझ्या प्रशिक्षणात ठेवायला हवी. अमेरिकेतल्या कोळसा आणि वीज कंपन्यांनी ‘इन्फर्मेशन कौन्सिल ऑन द एन्व्हायर्नमेंट’ नावाची संस्था उभी केली. आद्याक्षरं जोड: आइस. बर्फ! नावाला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले आणि मग स्वतःचीच लाज वाटली. त्या मोहिमेचं ब्रीफ, म्हणजे काय साधायचं त्याचा लेखी कागद, फुटलं, म्हणून आज वाचता येतं. उद्दिष्टाची ओळ अशी की तापमानवाढीला ‘वस्तुस्थिती’च्या जागेवरून उठवून ‘एक सिद्धान्त’ म्हणून पुन्हा बसवायचं. रिपोझिशनिंग. आपण टूथपेस्टला करतो ते. लक्ष्यगटही लिहून ठेवलाय: मोठ्या कुटुंबांतले, कमी शिकलेले, वयस्क पुरुष, जे स्वतःहून माहिती शोधत नाहीत, आणि कमी उत्पन्न गटातल्या तरुण बायका. कुणाचा शब्द लोक मानतात याचीही पाहणी झाली होती. शास्त्रज्ञ बोलले तर लोक ऐकतात, उद्योगाचा माणूस बोलला तर नाही. मग आवाज कुणाचा वापरायचा ते ठरलं.

आणि कॉपी? ‘पृथ्वी तापत असेल, तर मिनिआपोलिस गार का होतंय?’ आणखी एक: ‘काही जण म्हणतात पृथ्वी तापतेय. काही जण असंही म्हणायचे की पृथ्वी सपाट आहे.’ कारागिरी बघ. दोन्हींत एकही विधान खोडून काढावं असं नाही. पहिली ओळ नुसता प्रश्न. दुसरीत दोन ‘काही जण’ शेजारी बसवले, बाकी वाचकानं स्वतः जोडलं. खोटं बोलल्याचा दावा लावायचा तर कशावर लावणार? छोट्या शहरांत चाचणी झाली, कागद वर्तमानपत्रांकडे पोचले, बोभाटा झाला आणि मोहीम गुंडाळली. कल्पना मात्र गुंडाळली नाही. १९९८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेलउद्योगाच्या संघटनेच्या पुढाकारानं बनलेला एक आराखडा फुटला. त्यात ‘विजय’ कधी झाला समजायचं ते लिहिलं होतं: हवामानविज्ञानातली अनिश्चितता सामान्य नागरिकाला ‘समजेल’ आणि ती रूढ समजुतीचा भाग होईल तेव्हा.

आता माझं. नोकरीच्या दहाव्या-अकराव्या वर्षी एक क्लायंट आला. कोण ते सांगत नाही. त्यांच्या एका उत्पादनावर एका संशोधनात ठपका आला होता. मी तयारीनिशी गेले, मुद्दा मुद्द्याला खोडणारं उत्तर लिहून. त्यांच्या मार्केटिंगच्या प्रमुखांनी दोन पानं चाळली आणि म्हणाले, ‘मॅडम, खोडू नका. खोडायला गेलं की लोक मूळ अहवाल वाचतात. “तज्ज्ञांमध्ये अजून एकमत नाही,” एवढंच कुठेतरी येऊ द्या.’ मी ते वाक्य चार ठिकाणी घातलं. वीस मिनिटं लागली. बिल पूर्ण दिवसाचं लावलं. त्या तज्ज्ञांत एकमत होतं की नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही शोधलं नाही.

प्रश्न : लॉबिंग म्हणजे शेवटी लाचच ना? सरळ तसं म्हणा की. (सही नसलेलं पत्र)

उत्तर : लाच असती तर सोपं होतं, पकडता आली असती. लॉबिंग, म्हणजे कायदे करणाऱ्यांना आपल्या बाजूनं वळवणं, अमेरिकेत कायदेशीर आहे. नाव नोंदवायचं, कुणासाठी काम करतो आणि खर्च किती हे जाहीर करायचं. बहुतेक काम कंटाळवाणं असतं: कायद्याच्या मसुद्यात ‘करावे’च्या जागी ‘करता येईल’ कसं येईल ते बघणं.

फिलिप कूनी यांचं उदाहरण घ्या. पेशानं वकील. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटमध्ये हवामानविषयक लॉबिंग सांभाळायचे. तिथून थेट बुश सरकारच्या काळात व्हाइट हाउसच्या पर्यावरण कार्यालयात मोठ्या पदावर. सरकारी शास्त्रज्ञांचे हवामान अहवाल त्यांच्या टेबलावरून जायचे आणि ते हातानं दुरुस्त्या करायचे. ‘अनिश्चितता’ या शब्दाआधी ‘लक्षणीय आणि मूलभूत’ अशी दोन विशेषणं. एखादं वाक्य ठाम वाटलं तर त्यात ‘शक्यता’. जून २००५ मध्ये ती पानं न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली. दोन दिवसांत राजीनामा, आणि त्याच महिन्यात एक्सॉनमोबिलनं त्यांना नोकरीवर घेतल्याचं जाहीर केलं. कुणाच्या हातात पाकीट दिलेलं नाही. नुसती विशेषणं.

याहून गलिच्छ प्रकारही झाले. २००९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहासमोर हवामान विधेयक होतं. व्हर्जिनियाचे टॉम पेरिएलो यांच्या कार्यालयात मतदारसंघातल्या संस्थांची पत्रं आली: वीजबिल वाढेल, आमच्या लोकांना परवडणार नाही, विरोधात मत द्या. एक पत्र होतं क्रेसिएन्दो हुन्तोस या स्थानिक हिस्पॅनिक संस्थेच्या लेटरहेडवर. खाली सही करणारा माणूस संस्थेत नव्हताच. कृष्णवर्णीयांच्या संघटनेच्या नावानंही पत्रं होती, तीही बनावट. ती बॉनर अँड असोसिएट्स या कंपनीतून निघाली होती. तिला काम मिळालं होतं कोळसा-उद्योगाच्या आघाडीसाठी चाललेल्या मोहिमेत. कंपनीनं एका हंगामी कर्मचाऱ्यावर ठपका ठेवला. ही भानगड आघाडीला मतदानाआधी कळली होती, खासदारांपर्यंत ती पोचली नंतर. विधेयक तिथे २१९ विरुद्ध २१२ असं कसंबसं मंजूर झालं आणि सिनेटमध्ये पडून राहून मेलं. पत्रांमुळेच मेलं असं मी म्हणत नाही. पेरिएलोंनी तर बाजूनंच मत दिलं होतं. पण बिलाच्या चिंतेनं हैराण झालेला गरीब माणूस बनवून त्याच्या नावानं पत्र लिहिणं, हे कॉपीरायटरचं काम आहे, आणि ते कुणीतरी बसून केलंय.

२०२१ चं आणखी एक. एक्सॉनमोबिलचे वॉशिंग्टनमधले वरिष्ठ लॉबिस्ट कीथ मॅकॉय यांना व्हिडिओ कॉलवर नोकरीसाठी विचारणा आली. समोर होते ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेचे लोक. मॅकॉय मोकळेपणी बोलले: काही विज्ञानाविरुद्ध आम्ही जोरात लढलो का? हो. पडद्याआडच्या गटांत सामील झालो का? हो, तेही खरं. कार्बन-कराला कंपनीचा जाहीर पाठिंबा आहे, कारण तो कर कधी येणारच नाही आणि बोलायला मुद्दा बरा आहे. कंपनीच्या प्रमुखांनी नंतर माफी मागितली आणि ही आमची भूमिका नाही म्हणाले. फसवून बोलतं केलं हे मला आवडलेलं नाही, पण ऐकल्यावर विसरताही येत नाही.

प्रश्न : माझा कार्बन फूटप्रिंट मोजला आणि रात्रभर झोप लागली नाही. (एक गृहिणी)

उत्तर : ताई, झोपा. व्यक्तीचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे एकेकाच्या राहणीमुळे हवेत जाणाऱ्या कार्बनचा हिशोब, ही कल्पना घरोघरी नेण्यात मोठा वाटा बीपी या तेलकंपनीचा. ‘बियॉंड पेट्रोलियम’ (तेलापलीकडे) या तिच्या घोषवाक्याच्या दिवसांत, २००४ साली, तिनं लोकांसाठी फूटप्रिंट मोजायचं गणकयंत्र आणलं. मोजमाप खोटं नाही, कमी वापरा, चांगलंच आहे. पण तेल काढणाऱ्यानं तेल जाळणाऱ्याच्या हातात तराजू दिला की तराजूवर कोण चढतं ते बघा.

प्रश्न : माझी हयात तेलशुद्धीकरणात गेली. तुमचा लेख वाचून आम्ही सगळे चोर ठरलो. तुमचा अंक वाहणारा ट्रक डिझेलवर चालतो, हे विसरू नका. (एक निवृत्त अभियंता)

उत्तर : साहेब, ट्रक डिझेलवर चालतो, छपाईची शाईही बहुधा तुमच्याच पिंपातून निघते. तेल वापरलं म्हणून कुणी चोर होत नाही आणि काढलं म्हणूनही नाही. वरचं एस्सो अटलांटिकचं वाचलंत ना? त्या जहाजावर यंत्र लावणारे, नमुने घेणारे, १९८२ चा आलेख काढणारे, ही सगळी तुमच्या जातकुळीची माणसं. त्यांनी नीट मोजलं, नीट लिहिलं, वरच्यांना सांगितलं. ते कागद कपाटात गेल्यावर ज्यांना बोलावलं ते माझ्या धंद्यातले होते. माझा राग तुमच्यावर नव्हताच. लेखात तो तुमच्याकडे वळला असेल तर लिहिण्यात माझी चूक झाली.

तुमच्या काळात शुद्धीकरण कारखान्यात या विषयावर काही बोलणं व्हायचं का? चहाच्या वेळी, सहज? लिहाल का? नाव छापणार नाही.

दुरुस्ती : मागच्या लेखात मी लिहिलं होतं की अमेरिकेत हवामानबदल नाकारण्यावर वर्षाला ९० कोटी डॉलर खर्च झाले. एका वाचकानं मूळ अभ्यास वाचून चूक दाखवली. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रुल यांच्या २०१३ च्या त्या अभ्यासात ९१ संस्थांच्या एकूण वार्षिक उत्पन्नाचा तो आकडा आहे. त्या संस्था करांवर, आरोग्यावर, आणखी दहा विषयांवर काम करतात. त्यातला हवामानावर किती गेला हे त्या आकड्यातून निघत नाही. ब्रुल यांचाच २०१८ चा अभ्यास वेगळा आहे: २००० ते २०१६ या काळात अमेरिकी काँग्रेसमध्ये हवामानविषयक कायद्यांवर लॉबिंगसाठी २०० कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला. त्यात दोन्ही बाजू आल्या. तेल-कोळसा, वीज आणि वाहतूक उद्योगांचा खर्च पर्यावरण संघटना आणि अक्षय-ऊर्जावाल्यांच्या साधारण दहापट होता. ९० कोटींचा आकडा मी एका बातमीच्या मथळ्यावरून उचलला, खालचा मजकूर वाचला नाही. सव्वीस वर्षं मथळे लिहिलेल्या बाईकडून हे व्हायला नको होतं.